विध्याभास : नागरी स्थिती, स्वामित्व व कर यांविषयीच्या काही अमान्य विधिमतांचा विचार

न्यायशास्त्रात हेतूसारखा दिसणारा, परंतु साध्य सिद्ध करण्यास असमर्थ असा जो हेतू, त्यास 'हेत्वाभास' अशी संज्ञा आहे. त्याच धर्तीवर, ज्याचे बाह्य रूप विधीचे आहे, ज्याची भाषा न्यायालयाची आहे, परंतु ज्यास कोणत्याही न्यायालयात विधी म्हणून मान्यता नाही, अशा मतसमूहास 'विध्याभास' म्हणता येईल. गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत अमेरिकेची संयुक्त संस्थाने, कॅनडा, ब्रिटन व जर्मनी या देशांत असा एक मतसमूह वाढीस लागला आहे. मनुष्याची नागरी स्थिती, त्याचे खाजगी स्वामित्व आणि राज्यास द्यावयाचा कर ही या मतांची तीन प्रमुख क्षेत्रे होत. या मतांच्या आहारी जाऊन अनेकांनी घरेदारे गमावली, अनेकांनी कारावास भोगला आणि काही प्रसंगी मनुष्यहत्याही घडल्या. तेव्हा केवळ विक्षिप्त म्हणून त्यांची उपेक्षा करणे योग्य नव्हे. ही मते काय आहेत, ती कोणत्या खऱ्या विधिसामग्रीतून घडविली गेली आणि ती नेमकी कोठे ढासळतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. उगम

या मतसमूहाचे मूळ अमेरिकेत १९७० च्या सुमारास उदयास आलेल्या 'पॉसी कॉमिटाटस' या चळवळीत सापडते. 'कौंटीचे बळ' असा या लॅटिन शब्दांचा अर्थ. गुन्हेगारास पकडण्यासाठी शेरिफाने गावकऱ्यांना हाक द्यावी, ही इंग्लंडातील जुनी प्रथा या नावामागे आहे. विल्यम पॉटर गेल प्रभृती प्रवर्तकांनी तिचा असा विपर्यास केला की, कौंटीचा शेरिफ हीच एकमेव वैध सत्ता असून त्यावरील मध्यवर्ती शासन हे अनधिकृत होय. प्रवर्तकांच्या विचारात वंशद्वेष उघड होता. तथापि या मतास मोठा श्रोतृवर्ग लाभला तो १९८० नंतरच्या दशकात. शेतमालाचे भाव घसरले, व्याजाचे दर चढले आणि मध्य-पश्चिमेतील असंख्य शेतकरी कर्जात बुडाले. गहाण पडलेली जमीन लिलावात जात असता, 'हे कर्ज मुळातच बेकायदा आहे' असे सांगणारा मनुष्य देवदूतासारखा भासावा, यात नवल नाही.

या काळातील सर्वांत गाजलेले प्रकरण गॉर्डन काल या नॉर्थ डकोटातील शेतकऱ्याचे. प्राप्तिकराचे विवरणपत्र न भरल्याबद्दल त्यास १९७७ साली शिक्षा झाली होती. पुढे फेब्रुवारी १९८३ मध्ये त्यास पकडण्यास आलेल्या मार्शलांशी झालेल्या चकमकीत दोन मार्शल मरण पावले, आणि त्याच वर्षी जून महिन्यात आर्कान्सा राज्यात कालचाही अंत झाला. करविषयक एका चुकीच्या मताची परिणती कोठवर जाऊ शकते, हे या घटनेने दाखवून दिले.

२. नागरी स्थिती : 'व्यक्ती' या संज्ञेचा विपर्यास

नागरी स्थितीविषयीचा पहिला सिद्धान्त असा की, अमेरिकेत दोन प्रकारचे नागरिक आहेत. राज्याचा मूळ नागरिक हा जन्मतः सार्वभौम. तर संविधानाच्या चौदाव्या दुरुस्तीने निर्माण झालेला संघराज्याचा नागरिक हा शासनाचा अंकित. म्हणून योग्य प्रतिज्ञापत्र करून दुसऱ्या प्रकारचे नागरिकत्व टाकून दिले की, मनुष्य संघराज्याच्या विधींतून व करांतून मुक्त होतो. वस्तुतः १८६८ सालची ही दुरुस्ती मुक्त झालेल्या गुलामांना नागरिकत्व देण्यासाठी, आणि १८५७ च्या ड्रेड स्कॉट निर्णयाचे निराकरण करण्यासाठी झाली. या देशात जन्मलेली व त्याच्या अधिकारक्षेत्रात असलेली प्रत्येक व्यक्ती संघराज्याची व आपल्या निवासाच्या राज्याची अशी एकाच वेळी नागरिक होय, असे ती सांगते. दोन वर्ग निर्माण करणे हा तिचा हेतू नव्हता. वर्गभेद नष्ट करणे हाच होता. इतिहासाचा विरोधाभास असा की, पुढे हीच मते काही कृष्णवर्णीय गटांनीही स्वीकारली. आपण मूर वंशाचे असून १७८६ साली मोरोक्कोशी झालेल्या तहामुळे अमेरिकी विधी आपणांस लागू होत नाहीत, असे हे गट म्हणतात.

दुसरा सिद्धान्त अधिक चमत्कारिक व अधिक प्रसृत आहे. त्यास 'स्ट्रॉमन', म्हणजे गवती पुतळ्याचा सिद्धान्त म्हणतात. रॉजर एल्विक या प्रचारकाचे नाव त्याच्या उगमाशी जोडले जाते. त्याचे सार असे : १९३३ साली अमेरिकेने सुवर्णचलनाचा त्याग केला, तेव्हा शासन दिवाळखोर झाले आणि त्याने आपले नागरिकच सावकारांकडे तारण ठेवले. प्रत्येक बालकाचा जन्मदाखला निघताच त्याच्या नावे एक कृत्रिम व्यक्ती निर्माण होते व तिच्या नावे कोषागारात एक गुप्त खाते उघडले जाते. शासकीय कागदांवर रोमन लिपीतील मोठ्या अक्षरांत छापलेले नाव हे त्या कृत्रिम व्यक्तीचे. हाडामांसाचा मनुष्य वेगळाच. विशिष्ट नमुने भरून व विशिष्ट शब्दांनी सही करून मनुष्य त्या पुतळ्यावर ताबा मिळवू शकतो आणि त्याच्या खात्यातून आपली कर्जे फेडू शकतो.

या रचनेतील प्रत्येक वीट खरी आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. ५ जून १९३३ रोजी अमेरिकी विधिमंडळाने एक संयुक्त ठराव खरोखरच संमत केला. परंतु त्याने केले ते इतकेच की, ऋण सोन्यातच फेडले पाहिजे अशी करारांतील अट निष्प्रभ ठरविली. रोमन विधीत 'कापितिस देमिनुतिओ' ही संकल्पना खरोखरच होती, आणि तिच्या सर्वांत कठोर प्रकारात मनुष्य स्वातंत्र्य व नागरिकत्व दोन्ही गमावीत असे. परंतु तेथील 'कापुत' या शब्दाचा अर्थ मनुष्याची विधिगत स्थिती असा आहे, त्याचा लेखनातील मोठ्या अक्षरांशी काडीचाही संबंध नाही. इंग्लंडात १६६६ साली 'सेस्ट्वी क व्ही' नावाचा अधिनियम खरोखरच झाला. ज्याच्या हयातीवर एखाद्या मिळकतीचा भोग अवलंबून आहे, असा मनुष्य समुद्रापार गेला व सात वर्षे त्याच्या हयातीचा पुरावा मिळाला नाही, तर तो मृत समजावा, अशी त्यातील तरतूद होती. त्यावरून 'राज्याने सर्व प्रजाजनांस समुद्रात बुडून मृत ठरविले आहे' असा निष्कर्ष काढण्यात आला! सात वर्षे ठावठिकाणा नसलेल्या मनुष्याविषयी असेच अनुमान भारतीय पुराव्याच्या विधीतही १८७२ पासून आहे व २०२३ च्या नव्या अधिनियमातही ते कायम आहे. बेपत्ता मनुष्याच्या वारसांची अडचण दूर करणारी ही एक साधी सोय होय.

मनुष्य आणि विधिमान्य व्यक्ती या दोन भिन्न कल्पना आहेत, हेही खरेच. भारतीय वाचकास याचे उदाहरण शोधण्यास दूर जावे लागत नाही. हिंदू देवता ही विधिमान्य व्यक्ती आहे, असे प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली प्रमथनाथ मलिक प्रकरणी मान्य केले. आणि देवतेवर प्राप्तिकराची आकारणी होऊ शकते, असे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली योगेंद्रनाथ नस्कर प्रकरणी ठरविले. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. 'व्यक्ती' ही विधीतील संज्ञा म्हणजे मनुष्याच्या पाठीमागे उभा असलेला दुसरा कोणी प्राणी नव्हे. ती हक्क व कर्तव्ये एकत्र येण्याची जागा होय. जो देवतेच्या नावे मिळकत धारण करण्याचा लाभ घेतो, त्याने देवतेच्या नावे करही भरावयाचा असतो. विध्याभासाचा पुरस्कर्ता या जागेतून हक्क तेवढे उचलू पाहतो व कर्तव्ये पुतळ्याच्या गळ्यात बांधतो.

३. स्वामित्व : भूमिपत्र व निर्वेध मालकी

स्वामित्वाविषयीच्या मतांत 'अलोडियल' म्हणजे निर्वेध मालकीची कल्पना मध्यवर्ती आहे. ज्या भूमीवर कोणाही वरिष्ठाचा हक्क नाही व जिच्याबद्दल कोणासही काही देणे नाही, ती निर्वेध भूमी. अमेरिकेत शासकीय भूमी प्रथमतः खाजगी मनुष्यास देताना 'लँड पेटंट' म्हणजे भूमिपत्र देण्याची पद्धत होती. १९८० नंतरच्या शेतीसंकटात असा प्रचार झाला की, शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे मूळ भूमिपत्र शोधून काढावे, ते आपल्या नावे पुन्हा नोंदवावे. म्हणजे मधल्या काळातील सर्व खते, गहाणे व कर आपोआप गळून पडतील.

या मतातील दोष विधीच्या विद्यार्थ्यास तत्काळ दिसेल. भूमिपत्र हे हस्तांतरणाच्या साखळीतील पहिली कडी होय. पहिली कडी हाती धरल्याने पुढील कड्या तुटत नाहीत. उलट, आजच्या धारकाचा हक्क त्या पुढील कड्यांवरच उभा असतो. त्या नाकारल्या तर जमीन मूळ ग्राहकाच्या वारसांकडे जाईल, आजच्या धारकाकडे मुळीच राहणार नाही. १९८५ साली हिल्जफर्ड विरुद्ध पीपल्स बँक या इंडियाना राज्यातील प्रकरणात संघीय अपील न्यायालयाने, मनुष्य स्वतःच स्वतःला भूमिपत्र देऊन आपला हक्क सुधारू शकत नाही, अशी भूमिका घेऊन हा दावा फेटाळला.

येथे एक खेदजनक योगायोग नमूद करावासा वाटतो. याच संकटाची दखल घेऊन अमेरिकी विधिमंडळाने १९८६ साली दिवाळखोरीच्या संहितेत बारावे प्रकरण घातले. शेतकरी कुटुंबास जमीन राखून कर्जाची हप्त्यांनी फेड करता यावी, हा त्याचा उद्देश होता. म्हणजे खऱ्या विधीत खरा उपाय उपलब्ध होत असतानाच, जुन्या भूमिपत्रांच्या नकला मिळविण्यात काही कर्जदारांचा वेळ व पैसा खर्ची पडत होता. विध्याभासाने होणारी सर्वांत मोठी हानी हीच होय : तो बचावाचा खोटा मार्ग दाखवितो, इतकेच नव्हे, तर खऱ्या मार्गावरून दृष्टी दूर नेतो.

स्वामित्वविषयक मतांचा एक आक्रमक प्रकारही आहे. ज्या न्यायाधीशाने वा अधिकाऱ्याने विरुद्ध निर्णय दिला, त्याच्याच घरावर लक्षावधी डॉलरांचा खोटा बोजा नोंदवावयाचा. आपल्याकडे सात-बाराच्या उताऱ्यावर बोजा चढला की जमिनीचा व्यवहार अडतो. त्याचप्रमाणे असा मनुष्य घर विकू पाहतो किंवा कर्ज मागतो, तेव्हा त्यास हा बोजा प्रथम कळतो आणि तो काढून टाकण्यासाठी त्यास न्यायालयाची पायरी चढावी लागते. मोंटाना राज्यातील 'फ्रीमेन' गटाने असे बोजे व खोटे धनादेश यांचा मोठा उद्योग मांडला होता. १९९६ साली पोलिसांनी त्यांच्या वस्तीस दिलेला वेढा ८१ दिवस चालला. पुढे संघीय अधिकाऱ्यांविरुद्ध असे खोटे बोजे नोंदविणे हा २००८ मध्ये अमलात आलेल्या अधिनियमाने दहा वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र असा स्वतंत्र गुन्हा ठरला.

४. कर : घटनादुरुस्तीवरील आक्षेप

अमेरिकेतील प्राप्तिकराचा आधार १९१३ साली मान्य झालेली सोळावी घटनादुरुस्ती हा आहे. १८९५ साली पोलॉक प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने तत्पूर्वीचा प्राप्तिकर अवैध ठरविल्यामुळे ती आवश्यक झाली. आणि १९१६ साली ब्रशेबर प्रकरणी त्याच न्यायालयाने नवा कर वैध ठरविला. तरीही ही दुरुस्ती यथाविधी संमत झालीच नाही, असे प्रतिपादणारी एक परंपरा आहे. तिचा सर्वांत मनोरंजक युक्तिवाद ओहायो राज्याविषयीचा होय. ओहायो १८०३ साली संघराज्यात आले. परंतु प्रवेशाचा औपचारिक ठराव तेव्हा राहून गेला होता. दीडशेव्या वर्धापनाच्या निमित्ताने १९५३ साली विधिमंडळाने तो पूर्वलक्षी प्रभावाने संमत केला. यावरून, १९१३ साली ओहायो हे राज्यच नव्हते, सबब त्याची मान्यता निरर्थक व दुरुस्ती अवैध, असे म्हटले जाते. परंतु तत्कालीन ४८ राज्यांपैकी ३६ राज्यांची मान्यता पुरेशी होती व अखेरीस ४२ राज्यांनी ती दिली. ओहायो वगळले तरी निष्कर्षात फरक पडत नाही. वेतन हे श्रमाचा मोबदला असल्याने ते 'उत्पन्न' नव्हेच, कर भरणे ऐच्छिक आहे, असेही दावे आहेत. न्यायालयांनी ते सारे वारंवार फेटाळले आहेत. अशा आधारावर भरलेल्या विवरणपत्रास ५,००० डॉलर दंड होतो, आणि निरर्थक वाद मांडल्याबद्दल कर-न्यायालय २५,००० डॉलरांपर्यंत दंड करू शकते.

या संदर्भात १९९१ सालचा चीक विरुद्ध संयुक्त संस्थाने हा निर्णय अभ्यसनीय आहे. चीक हा वैमानिक करविरोधी सभांतील उपदेश ऐकून विवरणपत्रे भरीनासा झाला होता. आपण कर देणे लागत नाही, असा आपला प्रामाणिक समज होता, हा त्याचा बचाव. सर्वोच्च न्यायालयाने सूक्ष्म भेद केला. करविधी अत्यंत गुंतागुंतीचा असल्याने, त्याचा अर्थ समजण्यात झालेली प्रामाणिक चूक, मग ती कितीही अवास्तव असो, 'बुद्धिपुरस्सर' उल्लंघनाच्या आरोपास उत्तर होऊ शकते. तो समज खरोखर प्रामाणिक होता काय, हे ज्यूरीने ठरवावे. परंतु विधी समजून-उमजून तो घटनाबाह्य आहे असे मत बनविणे, हा बचाव नव्हे. तसे वाटणाऱ्याने कर भरून परतावा मागावा किंवा आकारणीस न्यायालयात आव्हान द्यावे. पुनर्विचारात चीक दोषीच ठरला. तथापि अज्ञ व दुराग्रही यांत भेद करण्याची न्यायालयाने दाखविलेली सावधगिरी लक्षणीय आहे.

५. न्यायालयीन मीमांसा व विधिशास्त्रीय प्रश्न

या मतसमूहाची सर्वांत विस्तृत न्यायालयीन मीमांसा कॅनडातील अल्बर्टा प्रांताच्या न्यायालयात झाली. मीड्स विरुद्ध मीड्स हे प्रकरण वस्तुतः घटस्फोटाचे. पतीने आपल्या नावात विचित्र विरामचिन्हे घालून कागद दाखल केले आणि आपण व आपली 'विधिमान्य व्यक्ती' निराळे आहोत, असा पवित्रा घेतला. सहयोगी मुख्य न्यायाधीश जॉन रुक यांनी सप्टेंबर २०१२ मध्ये दिलेल्या ७३६ परिच्छेदांच्या निर्णयात अशा सर्व युक्तिवादांचे वर्गीकरण करून त्यांचे खंडन केले. त्यांचे एक निरीक्षण विशेष महत्त्वाचे आहे. या युक्तिवादांमागे द्रव्य घेऊन व्याख्याने, पुस्तके व तयार नमुने विकणारे 'गुरू' असतात. शिष्य न्यायालयात हरतो, दंड भरतो, आणि गुरू मात्र नामानिराळा राहतो. कॅनडाबाहेरील न्यायालयांनीही या निर्णयाचा आधार घेतला आहे.

तथापि विधिशास्त्राच्या अभ्यासकापुढे याहून मूलगामी प्रश्न उभा राहतो. ही मते चुकीची आहेत ती नेमकी कोणत्या अर्थाने? त्यांच्या मुळाशी दोन गृहीतके दिसतात. पहिले असे की, विधीचे सामर्थ्य त्याच्या शब्दरूपात आहे. मंत्राचा उच्चार अचूक झाला की फल ठरलेले, तसे योग्य नमुना, योग्य सही, योग्य विरामचिन्ह साधले की न्यायाधीश बांधला गेला. न्यायकक्षातील ध्वजास सोनेरी झालर असल्यास ते न्यायालय नौकानयनविषयक न्यायालय ठरते, हा दावा याच वृत्तीचा. जर्मनीतील 'राइश्सब्युर्गर', म्हणजे जुन्या साम्राज्याचेच नागरिक म्हणविणारे लोक, ओळखपत्राच्या जर्मन नावातील 'पेर्सोनाल' या शब्दाचा 'नोकरवर्ग' असा अर्थ घेऊन संघीय प्रजासत्ताक ही केवळ एक व्यापारी कंपनी असल्याचे सांगतात; त्यातही शब्दावरील तीच श्रद्धा आहे. दुसरे गृहीतक असे की, प्रत्येक बंधन हे करार होय; म्हणून वैयक्तिक संमती काढून घेतली की बंधन संपले. लॉक व रूसो यांनी राज्यसंस्थेच्या समर्थनार्थ योजिलेली सामाजिक कराराची कल्पना येथे शब्दशः घेतली जाते, आणि मनुष्य जणू भाडेकरार सोडावा तसा राज्य सोडू पाहतो.

एच. एल. ए. हार्ट यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'द कन्सेप्ट ऑफ लॉ' या ग्रंथात मांडलेल्या उपपत्तीनुसार, एखादा नियम विधी आहे की नाही, हे अंतिमतः न्यायाधीश व अधिकारी ज्या मान्यतेच्या नियमाचे प्रत्यक्ष आचरण करतात त्यावरून ठरते. हा मान्यतेचा नियम कोणत्याही गुप्त दस्तऐवजात दडलेला नसतो. तो सार्वजनिक आचारात असतो. १२१५ च्या मॅग्ना कार्टातील एकसष्टावे कलम आजही प्रत्येक प्रजाजनास अवज्ञेचा अधिकार देते, असे ब्रिटनमधील काही लोक म्हणतात. परंतु तो अधिकार पंचवीस सरदारांच्या मंडळास दिलेला होता व १२१६ च्या पुनर्घोषणेतच ते कलम गाळण्यात आले. जुने चर्मपत्र खरे असले तरी, त्यास आज कोणतेही न्यायालय विधी म्हणून आचरीत नाही.

यातूनच या मतांतील मूलभूत विसंगती उघड होते. शासन अवैध आहे, त्याची न्यायालये खोटी आहेत, असे एकीकडे म्हणावयाचे. आणि त्याच शासनाच्या वाणिज्यसंहितेतील एका कलमाचा उल्लेख सहीखाली केला की ते शासन निरुत्तर होईल, असा दुसरीकडे भरवसा धरावयाचा. विधी स्वतःवर मुळीच बंधनकारक नाही आणि प्रतिपक्षावर मात्र निरपवाद बंधनकारक आहे, अशी ही धारणा होय.

६. विध्याभास व सविनय कायदेभंग

अन्याय्य कर नाकारण्याची एक थोर परंपरा जगात आहे. मग वरील मते तिचाच भाग मानावीत काय, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. भेद मूलतः आहे. १८४६ साली हेन्री थोरोने गुलामगिरी व मेक्सिकोवरील युद्ध यांच्या निषेधार्थ डोईपट्टी नाकारली आणि एक रात्र कारागृहात काढली. १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादेस न्यायाधीश ब्रूमफील्ड यांच्यासमोर गांधीजींनी अपराध मान्य केला व विधीनुसार अधिकाधिक शिक्षा मागितली. न्यायाधीशांनी लोकमान्य टिळकांच्या १९०८ सालच्या शिक्षेचा दाखला देऊन सहा वर्षांचा कारावास सुनावला. १९२८ साली बारडोलीच्या शेतकऱ्यांनी २२ टक्के सारावाढ नाकारताना जप्ती पत्करली. पुढे त्याच ब्रूमफील्ड यांचा समावेश असलेल्या चौकशीत ही वाढ सुमारे ६ टक्क्यांवर आली. या सर्व प्रसंगी 'कर विधीने लागू आहे, परंतु तो अन्याय्य आहे' असे उघडपणे म्हटले गेले, परिणाम भोगले गेले, आणि विधी बदलण्याचे आवाहन सर्वांच्या विवेकास केले गेले.

विध्याभास याच्या नेमका उलट आहे. तो विधी अन्याय्य असल्याचे म्हणत नाही. विधी आपल्याच बाजूचा आहे, फक्त तो दडवून ठेवला आहे, असे म्हणतो. त्यास विधी बदलावयाचा नसतो, त्यातून एकट्यापुरती सुटका हवी असते. सत्याग्रही समाजापुढे प्रश्न ठेवतो. विध्याभासी गुप्त किल्ली शोधतो. म्हणूनच पहिल्याच्या पराभवातूनही विधीची सुधारणा संभवते, दुसऱ्याच्या विजयातूनही ती संभवत नाही.

७. उपसंहार

तात्पर्य, विध्याभास हा केवळ अज्ञानाचा परिणाम नव्हे. त्याचे अनुयायी पुष्कळदा चिकाटीने वाचन करणारे असतात; त्यांच्यापाशी अधिनियमांची कलमे असतात, निर्णयांची नावे असतात, जुने तह व सनदा असतात. उणीव असते ती या सामग्रीस जोडणाऱ्या पद्धतीची : कोणता शब्द कोणत्या संदर्भात आला, कोणता निर्णय आज प्रमाण आहे, कोणत्या संस्थेस तो देण्याचा अधिकार आहे, या विवेकाची. विधीची भाषा सामान्य मनुष्यास जितकी अगम्य, तितके तिच्या सोंगाला बळ मिळते. कर्जाच्या नोटिशीचा अर्थ साध्या शब्दांत सांगणारा कोणी जवळ नसेल, तर तो द्रव्य घेऊन सांगणारा गुरू दूर नसतो. न्यायालयांनी ही मते फेटाळणे अपरिहार्यच आहे. परंतु ती मुळात रुजू नयेत यासाठी खरा विधी लोकांच्या भाषेत, लोकांच्या आवाक्यात आणणे हे विधिविद्येच्या अध्यापकांचे व अभ्यासकांचे कार्य होय.